अण्णांची राखाडी जॅग्वार

"रंगाला हात लावायचा नाही, शामू," अण्णा म्हणाले आणि गाडीची किल्ली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "नुसती धू, पूस. ब्रेक तेवढे बघून घे. आहे तशी द्यायची आहे."

"व्हय अण्णा. च्या सांगू?"

"नको नको. आत्ताच घेतलाय."

मी चहा सांगितला. अण्णा दोन कप प्याले, दुसरा तर बशीत ओतून फुर्रकन.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सगळ्या शहाणपणाचं मूळ तिथंच आहे. अण्णासाहेब हेर्लेकर हा माणूस आयुष्यात कधी पहिल्या झटक्यात हो म्हणाला नाही. चहा नको, खुर्ची नको, जेवण तर नकोच नको. माझ्या घरी एकदा पोट भरलंय म्हणत पानावर बसले आणि हौसानं वाढलेल्या तीन भाकरी खाऊन उठले. आमच्याकडं नको म्हणजे नको असं कुणी धरतच नाही. पाहुणा नको म्हणणार, आपण आग्रह करायचा, हीच रीत. आग्रह केला नाही तर घरातून निघाल्यावर पाहुणाच नावं ठेवतो.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गाड्या रंगवायचं दुकान होतं. वडील टांगे आणि बैलगाड्या रंगवायचे, मी ट्रक आणि मोटारी. हात चांगला होता. चांगला म्हणजे काय, लोक सांगलीहून गाडी घेऊन माझ्याकडं यायचे आणि रंग वाळल्यावर त्यात तोंड बघून भांग पाडायचे. मला त्याचा गर्व होता. त्यात खोटं कशाला बोलू?

अण्णांची फाउंड्री माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. पंप आणि ऑइल इंजिनचे भाग तिथं ओतले जायचे. पैसेवाला माणूस, पण अंगात खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायांत जुन्या वहाणा. एकच चैन, ती गाडी. एकावन्न सालची जॅग्वार. दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची, कापडी छपराची. तिचा राखाडी रंग उन्हानं फिका पडला होता आणि डाव्या मडगार्डवर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटत चालला होता. त्याच बाजूला एक चांगला ओंजळभर पोचा होता. आतल्या कातडी सीटांना भेगा पडलेल्या. दारावर पांढऱ्या रंगात सतरा आकडा काढलेला, तोही असा वेडावाकडा, की शाळेतल्या पोरानं काढला असता तर गुरुजींनी पुसायला लावला असता.

अण्णा पंधरा दिवसांतून एकदा ती बाहेर काढायचे. शनिवार असला तर माझ्या दुकानासमोर थांबवून इंजिन चालूच ठेवायचे. ते माझ्या वैजूसाठी.

वैजयंता माझी एकुलती एक पोरगी. जन्मापासून ऐकू येत नाही. कागलच्या पुढं, निपाणी रस्त्याला, कुमुदताई शेटे मूकबधिर मुलींची शाळा चालवायच्या, तिथं राहून ती शिकत होती आणि शनिवारी घरी यायची. अण्णांची गाडी आली की ती हातातलं काम टाकून पळत सुटायची आणि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभी राहायची. अण्णा आतून हळूहळू ॲक्सिलरेटर दाबायचे. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते बघायला हौसा घरातून दुकानापर्यंत यायची.

"ऐकतेय बघ ती," अण्णा म्हणायचे.

एका शनिवारी त्यांनी विचारलं, "शाळा कितवीपर्यंत आहे रे हिची?"

"चौथीपतोर. म्हंजे ह्या मार्चपतोर."

"आणि पुढं?"

पुढचं काय, तोच तर घोर होता. कुमुदताईंची शाळा भाड्याच्या चार खोल्यांत. दिवसा वर्ग, रात्री बाकं बाजूला सारून तिथंच पोरींचे बिछाने. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, की मोठ्या मुलींसाठी वेगळं वसतिगृह बांधा, तरच पाचवीपासूनचे वर्ग मिळतील. जागा होती, नकाशा होता, बांधायला काही नव्हतं. त्या मार्चमध्ये वैजूसकट अकरा पोरी घरी परतणार होत्या. चौथी झालेली मूकबधिर पोर घरी परतली की तिच्या हातात खुरपं येतं, नाहीतर भांडी येतात. पुन्हा पाटी काही येत नाही.

 आठ दिवसांनी अण्णा शाळेत जाऊन आले आणि कुमुदताईंना म्हणाले, "माझी गाडी शाळेला देतो. गिऱ्हाईक आहे. चार खोल्या आणि न्हाणीघर उभं राहील."

ते गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचे सबनीस. जुन्या गाड्यांचे मोठे शौकीन. दहा वर्षं अण्णांना पत्रं लिहीत होते, अण्णा दहा वर्षं त्यांना नको म्हणत होते. आता ठरलं असं, की डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी अण्णांनी गाडी शाळेला द्यायची आणि त्याच मांडवात सबनीसांनी ती शाळेकडून विकत घ्यायची. मधल्या तीन आठवड्यांत अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन बेळगावला, लेकीच्या गावी. म्हणून गाडी माझ्याकडं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती धुतली. हौसा पाण्याची बादली आणून देत होती. गाडी वाळल्यावर आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. धुतल्यानं ती जास्तच म्हातारी दिसायला लागली होती.

"आपल्या पोरीसाठी त्यो माणूस एवढी मोठी गाडी देतोय," हौसा म्हणाली, "आणि तुमी ती नुसती पुसून देणार व्हय?"

"हात लावू नको म्हणालेत."

"म्हणणारच की. तुमच्या खिशाला तोशीस पडू ने म्हणून म्हणालं असतील. दान द्यायचं ते कोरं द्यावं. माझी आज्जी सांगायची, फाटकं लुगडं दान दिलं तर पुण्य न्हाई, भोग लागत्यात."

"अगं, पण नको म्हणालेत न्हवं?"

"अण्णा च्याला पण नकोच म्हणत्यात."

आम्ही दोघंही हसलो. ते हसू अजून मला रात्रीचं झोपू देत नाही.

खरं सांगायचं तर हौसानं नुसती वाट दाखवली, मी आधीच निघालेला होतो. अण्णांचे उपकार फेडायला माझ्याजवळ होतं काय? हातातली कला तेवढी. आणि माझ्या मनाला वाटत होतं, की पुण्याचा माणूस येणार, एवढी रक्कम मोजणार, आणि त्याच्या पुढ्यात ही पापुद्रे सुटलेली गाडी उभी करायची? मुलगी दाखवायची असली तर तिचं तोंड तरी आपण धुतोच की! त्यात रंग राखाडी. शुभकार्याला राखेचा रंग?

दुकानातली बाकीची कामं मी पुढं ढकलली आणि घासायचा वॉटर पेपर घेऊन बसलो. तो विलायतेचा रंग, पंचेचाळीस वर्षं झाली तरी पत्र्याला घट्ट धरून होता. आठवडा गेला घासण्यात. बोटांची टोकं सोलली. दारावरचा सतरा मात्र चार हातांत निघाला. मडगार्डचा पोचा ठोकून काढला, उरलेला खळगा लांबीच्या लगद्यानं भरून असा सपाट केला, की तिथं कधी काही झालं होतं हे सांगून कुणाला पटू नये. बंपर, दिव्यांच्या कडा निकल करून आणल्या. सीटांसाठी इब्राहिम कुशनवाल्याला बोलावलं. त्यानं भेगाळलेलं कातडं उपटून काढलं आणि वर लालभडक रेक्झीन चढवलं.

"ह्या कातड्याचं काय करू?" त्यानं विचारलं.

समोर चर्मकार होता, तुकाराम. त्यानं त्यातून चपलांचे तीन जोड काढले. एक त्यानं मलाच दिला. कातडं मऊ होतं, पायाला लागत नव्हतं.

मग रंग. गुलमोहरासारखा लाल. तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर घासून. शेवटचं पॉलिश झालं त्या दिवशी उद्यमनगरातले लोक कामं सोडून बघायला आले. लेथवाले, वेल्डिंगवाले, चहावाला. कुणीतरी म्हणालं, "शामू, कंपनीतनं पण अशी निघाली नसंल." मी नको नको म्हणत मान हलवली, आणि आणखी चार वेळा म्हणावं म्हणून तिथंच उभा राहिलो.

ठरलेल्या रविवारी गाडी मी स्वतः शाळेत नेली. शेजारी नवी साडी नेसलेली हौसा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. फाटकातून आत शिरलो तर पोरी दोन रांगा करून उभ्या. त्यांनी हात वर करून पंजे हलवले, त्या पोरींच्या टाळ्या अशाच असतात. कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला.

"शामराव, अहो ही तीच गाडी?"

"तीच, ताई."

वैजू रांगेत होती. ती गाडीकडं बघत होती, माझ्याकडं बघत होती आणि शेजारच्या पोरीला हातांनी सांगत होती, की हा माझा बाप. एवढा मोठा मी नंतर कधी झालो नाही.

थोड्या वेळानं अण्णा आले, जावयाच्या गाडीतून, काठी टेकत. ऑपरेशननं बारीक झाले होते. उतरले आणि जागच्या जागी थांबले. मग हळूहळू चालत गाडीपाशी आले. तिला एक फेरी घातली. दारापाशी वाकले आणि तळहात सपाट करून त्या लाल रंगावरून एकदा इकडून तिकडं फिरवला.

"शामू, दार बदललंस काय रे?"

"न्हाई अण्णा, तेच हाय. कायसुदीक बदलल्यालं न्हाई. घासून सपाट केलंय."

त्यांचा हात दारावरच राहिला. मला वाटलं, माणसाला गहिवरून आलं. मी मूर्ख, वर म्हणतोय, "बोला की अण्णा! कशी झाली?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग पलीकडं रांगेत उभ्या असलेल्या वैजूकडं पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी त्यांना नमस्कार केला. आणि म्हणाले, "छान झाली."

तेवढ्यात सबनीसांची गाडी आली. उंच, गोरे, टापटीप गृहस्थ. बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला. सबनीस अण्णांना नमस्कार करून इकडंतिकडं बघायला लागले.

"कुठं आहे आपली गाडी?"

मग त्यांची नजर त्या लाल गाडीवर गेली आणि तिथंच राहिली. ते जवळ गेले. वाकून आत पाहिलं, सीटवर बोट दाबलं. मडगार्डवर टिचकी मारली, लांबीचा भद्द आवाज आला. शेवटी दारापाशी गेले.

"सतरा कुठंय?"

अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"अण्णासाहेब, सतरा कुठंय? वहिनींनी काढलेला?"

मला तेव्हा कळलं. कोल्हापूरच्या धावपट्टीवर पूर्वी कधीतरी गाड्यांच्या शर्यती झाल्या होत्या. अण्णा त्यात उतरले होते. सकाळी पेंटर आलाच नाही, तेव्हा अण्णांच्या बायकोनं दाराशी बसून तो आकडा काढला होता. तिला दिवस गेले होते, वाकता येत नव्हतं, म्हणून सात तसा वाकडा झाला. शर्यतीतच मडगार्डला पोचा आला. त्या वर्षाच्या शेवटी बाळंतपणात ती गेली. हे सगळं सबनीस कुमुदताईंना सांगत होते, हळू आवाजात, आणि अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय.

"सीटांचं मूळचं चामडं तरी ठेवलंत का?" सबनीसांनी विचारलं.

मी पायांकडं पाहिलं. पाय मागं घ्यायला जागा नव्हती.

"हे कुणी केलं?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण अण्णा आधी बोलले.

"मीच सांगितलं शामूला. म्हटलं, पोरींना द्यायची तर नवी करून दे."

"पण मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं! हात न लागलेली गाडी म्हणूनच..."

"चुकलं माझं."

"अण्णासाहेब, असल्या रंगवलेल्या गाड्या मला मुंबईत चार मिळतात. हिच्यासारखी ही एकच होती." सबनीस रागावले नव्हते, ते फार वाईट होतं. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, कुमुदताईंना हात जोडले आणि म्हणाले, "मला क्षमा करा. जे घ्यायला आलो, ते आता इथं नाही." फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. पाच मिनिटांत त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली.

कुमुदताई अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात ओवाळणीचं ताट होतं, तसंच.

"अण्णा, तुम्ही असं का केलंत?"

"हौस," अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याची हौस."

ताईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. एका माणसावरचा विश्वास उडताना दिसतो, तसं. आणि मी तिथंच उभा होतो, तोंड मिटून.

नंतर आवारातल्या जांभळाच्या झाडाखाली मी अण्णांना गाठलं.

"अण्णा, तुमी का म्हणालासा असं? मी सांगतो ताईंना. आत्ता जाऊन सांगतो."

"थांब." त्यांनी माझा दंड धरला. "ह्या अकरा पोरींच्या आया आल्यात इथं. त्यांना कळलं तर उद्यापासून तुझ्या पोरीकडं बघून म्हणतील, हिच्या बापानं आमच्या पोरींची शाळा बुडवली. मार्चपर्यंत तिला इथंच राहायचं आहे. मला कोण काय म्हणणार? म्हटलं तर मला कमी ऐकू येतं."

"पण अण्णा..."

"पोर शाळेतून बाहेर पडली, की मग सांग. ताईंना सांग, पोरीला सांग. तोवर गप्प बस."

मग दंड सोडून त्यांनी विचारलं, "तो आकडा घासताना तुला काही वाटलं नाही रे?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "पुसट हुता. चार हातांत गेला."

त्यांनी मान हलवली आणि जावयाच्या गाडीकडं चालायला लागले.

गाडी शेवटी गडहिंग्लजच्या एका मंगल कार्यालयवाल्यानं घेतली, नवरदेवाच्या वरातीसाठी. लाल रंग त्याला फार आवडला. त्या पैशांत शाळेला बोअरवेल झाली आणि वर पत्र्याची टाकी. पाचवीचा वर्ग सुरू व्हायला आणखी सहा वर्षं लागली.

वैजू एप्रिलमध्ये घरी आली. जूनच्या पहिल्या सोमवारी तिनं स्वतःच दोन वेण्या घातल्या, पेटी भरली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मी तिला काय सांगणार? माझे हात तेवढं बोलायला शिकलेच नव्हते. दुपारी हौसानं पेटी आत नेली. शाळेतल्या पोरींकडून तिला कारण आधीच कळलं होतं, की अण्णा आजोबांनी नटवून गाडीची वाट लावली. बायकांच्या तोंडी तेच होतं, गावाच्या तोंडी तेच. दान द्यायचं होतं की मिरवायचं होतं, असं लोक अण्णांच्या मागं उघड बोलायचे.

अण्णा दुकानात येत राहिले. आता चालत यायचे. चहा नको म्हणायचे आणि मी खरंच विचारात पडायचो, सांगू की नको. वैजूसाठी खिशातून लिमलेटच्या गोळ्या आणायचे. ती आतून यायची नाही. गोळ्या फळीवर पडून चिकट व्हायच्या.

"असू दे," अण्णा म्हणायचे. "लहान आहे."

पोर शाळेतून बाहेर पडली होती. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. दर वेळी ते आले की मी ठरवायचो, आज सांगायचं, त्यांच्यासमोर सांगायचं, पोरीला बोलावून आणायचं. आणि दर वेळी चहा संपायचा, अण्णा उठायचे. अशी चार वर्षं गेली. त्यांनी एकदासुद्धा आठवण करून दिली नाही. ते गेले तेव्हा फाउंड्रीच्या दारात दर्शनाला ठेवले होते. हौसानं वैजूला हात धरून न्यायचा प्रयत्न केला. तेरा वर्षांची पोर खांबाला मिठी मारून बसली आणि आली नाही. मी एकटाच जाऊन पाया पडलो.

हौसा जाईपर्यंत सांगत होती, "अवो, सांगा तिला. माझ्या तोंडानं म्या सांगू का?" मी तिलाही गप्प केलं.

आता वैजू छत्तीस वर्षांची आहे. इचलकरंजीला असते, शिवणकाम करते. नवरा चांगला आहे, तोही तिच्यासारखाच. तिच्या मुलीला ऐकू येतं. गेल्या महिन्यात दोघी माझ्याकडं आल्या होत्या. नातीच्या शाळेनं काहीतरी फॉर्म दिला होता, त्यात आईचं शिक्षण लिहायची जागा होती. नातीनं विचारलं. वैजूनं चार बोटं दाखवली. नातीनं भुवया उंचावल्या, चारच? आणि मग वैजूनं तिला हातांनी ती सगळी गोष्ट सांगितली. शाळा, गाडी, खोल्या. अण्णांसाठी तिची एक खूण आहे, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. गालाला पावडर लावल्यासारखं करते. नटवा म्हातारा. आणि पुरावा म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं, विचार आजोबांना, त्यांच्यासमोरच झालं.

इतकी वर्षं मी अशा वेळी मान हलवत आलो. त्या दिवशी मानच हलेना.

मी नातीला बाहेर खेळायला पाठवलं. वैजूसमोर बसलो. छातीवर बोट ठेवलं, मग स्प्रे गन धरल्यासारखा हात फिरवला. मी रंगवली. ती हसली. माहीत आहे, तिनं हातांनी सांगितलं, त्यांनी सांगितलं आणि तू रंगवलीस. मी नाही म्हणून हात हलवले. त्यांनी नको सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग ते खोटं बोलले, तुझ्यासाठी. हे सांगायला मला फार वेळ लागला. खुणा चुकत होत्या, ती दुरुस्त करत होती, आणि दुरुस्त करता करता तिचे हात थांबले.

तिनं एकच विचारलं. अण्णा आजोबा दुकानात यायचे, मी आत बसायची, तेव्हा तुला माहीत होतं?

मी हो म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाठ केली. ती पाठमोरी असली की तिला हाक मारून उपयोग नसतो. मी उठलो, भिंतीचा आधार घेत वळसा घालून तिच्या समोर गेलो आणि बोलायला हात वर केले. तिनं डोळे मिटून घेतले.